उतारावर हात ऐकेनात

माझी थोरली बहीण चष्म्याच्या दुकानात काचा घासते. आठवडाभर मशीनपुढे मान खाली, रविवारी मात्र रेसिंगची सायकल घेऊन घाटात. चढावर ती सगळ्यांच्या मागे धापा टाकत यायची. पण एकदा उतार लागला की भलेभले तिची पाठ बघत राहायचे.

नवख्यांना शिकवायचं काम तिचंच. "हँडल आवळू नका गं. हात हँडलच्या खालच्या बाकात, पण सैल. ब्रेक वळणाच्या आधी. वळणात वजन बाहेरच्या पॅडलवर आणि नजर लांब. सायकल थरथरली तर गुडघे दांडीला चिकटवा, घाबरून धरून बसू नका."

गेल्या वर्षी चौथ्या वळणाच्या जरा आधी बाजूनं वाऱ्याचा झोत आला. मी तिच्या मागेच होतो. तिचं पुढचं चाक लटपटलं. जे करू नका म्हणून ती घसा कोरडा करायची, नेमकं तेच तिनं केलं. हँडल आवळलं. सायकल कठड्यावर आदळली. तिचा खुबा मोडला, खांदा निखळला.

आठ महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "हाडं उत्तम जुळलीत." भाऊजी म्हणाले, "आता पुरे कर." ती म्हणाली, "एकदा नीट उतरते, मग बघू."

पाच रविवार आम्ही दोघं गेलो. दर वेळी तेच. सायकलीनं जरा वेग धरला की तिची बोटं पांढरी पडायची, कोपर ताठ व्हायचे, आणि चाक लटपटू लागायचं. ती ब्रेक दाबून थांबायची.

"हात सैल सोड ना, ताई."

"मला शिकवतोस?" असं म्हणून हसली, मग रडवेली झाली. "डोक्याला सगळं ठाऊक आहे रे. हात ऐकत नाहीत."

पाचव्या रविवारी ती सीटवरून उतरली आणि सायकल हातानं धरून चालू लागली. चालतानाही दोन्ही ब्रेक अर्धे दाबलेले. "तू हो पुढे," म्हणाली. मी खाली तासभर वाट बघितली. आली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर ती घाटात आली नाही. परवा आमच्या सायकलच्या ग्रुपमधली एक नवी मुलगी दुकानात आली. "ताई, उताराची फार भीती वाटते. काय करू?"

बहिणीनं मशीन बंद केलं नाही. म्हणाली, "मला नाही माहीत."