सैल नळीची बंदूक

कानशीने लोखंड घासलं की कीस पडतो, आणि माणसांनी एकमेकांना घासलं की किस्सा! आमच्या दुकानात दोन्ही रोज पडतात. कीस चुंबकाने उचलता येतो. किस्से कोपऱ्यात साठत राहतात, आणि एक दिवस बघावं तर ढीग. त्या ढिगातले हे सगळे एकाच बंदुकीचे.

दुकान रियाधमध्ये, शिकारीच्या सामानाचं. मालक अबू फहद, तोच आमचा कफील, म्हणजे व्हिसाचा जामीनदार. आतलं दुरुस्तीचं टेबल तीस वर्षं माझ्या अब्बांचं. सोबत दाऊदचाचा, अब्बांचे श्रीवर्धनचे बालमित्र आणि जगातल्या प्रत्येक अंधश्रद्धेचे होलसेल व्यापारी. मी पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून आले आणि काउंटरवर लायसन्सचे कागद तपासते. टेबलाला हात लावायची मला मनाई, कारण दुरुस्तीचं सरकारी कार्ड अब्बांच्या नावावर.

आणि अब्बांचा उजवा हात वर्षभरापासून थरथरत होता.

हे अबू फहदला माहीत नव्हतं. अब्बांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपायला दोन महिने राहिले होते आणि साठी उलटलेल्या कारागिराचा इकामा वाढवायचा की नाही, हे त्याच्या मनात घोळत होतं. अब्बांना गावी जायचं नव्हतं. "टेबलाशिवाय मी म्हणजे काय गो? नुसता लुंगीतला माणूस," असं म्हणायचे.

*

बंदूक अबू फहद स्वतः घेऊन आला. त्याच्या वडिलांच्या लाल चौकड्यांच्या रुमालात गुंडाळलेली. एकनळी, जुनी, अडकित्त्यासारखी मधोमध मोडून गोळी भरायची जात. बंद केली तरी नळी डुगडुगायची.

"बाबा चाळीस वर्षं हीच वापरायचे," तो म्हणाला. आमच्याशी तो दुकानातल्या मोडक्या हिंदीत बोलतो. "त्यांना दफन केलं तेव्हा घट्ट होती. चाळीस दिवसांनी काढली तर ही अशी. ही नीट कर उस्ताद, मग तुझ्या इकाम्याचं बोलू."

तो गेल्यावर दाऊदचाचांनी मान हलवली. "मालक गेला की बंदूक सैल होते."

"मालक गेल्यावर तेल कोण घालणार, पिन कोण बघणार, चाचा? म्हणून सैल होते!"

"तेच तर म्हणतो मी," चाचा म्हणाले.

या पिढीशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर टेनिस खेळणं. चेंडू आपल्याच तोंडावर!

*

एका दुपारी अबू फहदने फोनवर विचारलं, "काय झालं बंदुकीचं?" बिजागरीची जुनी पिन नुकतीच निघाली होती, म्हणून मी सांगणार होते, पिन खलास. तोंडातून 'ख' निघाला आणि चाचांनी फोनच हिसकावला!

दुकानात नियम आहे. बंदुकीच्या बाबतीत 'खलास' म्हणायचं नाही. काम झालं तर 'तमाम' म्हणायचं. का? तर पूर्वी एकदा अब्बांनी अबू तलाल नावाच्या गिऱ्हाइकाच्या घरी फोन केला. फोन उचलला त्याच्या नव्या ड्रायव्हरने, तो आपला महाडचा. अब्बा म्हणाले, "दुकानातून बोलतोय. अबू तलाल, खलास!" म्हणजे त्याची बंदूक तयार आहे. अरबीत एवढाच अर्थ. पण महाडच्या माणसाने तो मराठीत ऐकला. घरात रडारड. संध्याकाळी अबू तलाल शेतावरून परतला तर दारात शंभर चपला, आणि आत त्याच्याच नावाने दुआ चाललेली!

तो खूप हसला म्हणे. आठवड्याने खरंच गेला.

"त्याला डायबेटिस होता, तुम्हीच मागे सांगितलंत!" मी ओरडले.

"डायबेटिस वीस वर्षं होता गो," चाचा शांतपणे म्हणाले. "खलास कुणी म्हटलं नव्हतं."

*

पिन मी बनवली. हो, मीच. शटर अर्धं ओढून, अब्बांच्या डोळ्यांदेखत. जुनीपेक्षा केसभर जाड. अब्बा स्टुलावर बसून सूचना द्यायचे आणि मी ऐकायचे. म्हणजे निम्म्या ऐकायचे.

नळी मागच्या पोलादी तोंडावर नीट टेकते का, हे बघायला अब्बा काजळ लावतात. फुपूने, म्हणजे त्यांच्या बहिणीने, गावाहून पाठवलेलं, तुपाच्या दिव्यावर धरलेलं. पोलादावर काजळ फासायचं, बंदूक मिटायची, उघडायची. जिथे काळं उमटलं तिथे टेकलं.

"अब्बा, यासाठी निळं इंजिनिअरिंग मार्किंग मिळतं. ट्यूबमध्ये."

"काजळ खोटं बोलत नाही."

नेमका तेव्हाच अबू फहद डोकावला. मी कानस पदराआड, म्हणजे अबायाआड केली. वडिलांच्या बंदुकीवर काळा ठिपका बघून त्याचा चेहरा उतरला. "सिहर?" म्हणजे जादूटोणा. इथे हा शब्द हसण्यावारी नेण्यातला नाही. चाचा तर भिंतीला चिकटले.

"नाही, नाही! टेस्टिंग!" मी म्हटलं.

त्याने ठिपका निरखला. मग हळूच म्हणाला, "आमची आजी लहान मुलांना असाच लावायची." आणि निघून गेला. जाताना बंदुकीला सलाम करून!

*

काजळ सगळीकडे सारखं उमटलं. मी खूश. "झालं, अब्बा!"

अब्बांनी डोळे मिटले. "मिट बघू एकदा."

मी बंदूक मिटली. टक्.

"दोन आवाज आले."

"एकच आला!"

"दोन. एक तुझा, आणि एक जरा मागून."

मी चिडून सिगारेटचा पातळ कागद फटीत घालून पाहिला. नळी आणि पोलाद यांच्यामध्ये, वरच्या कडेला, कागद अलगद सरकला. कान बरोबर होता. मला भयंकर राग आला. हात गेलेल्या माणसाचा कान इतका शाबूत कसा?

पिन पुन्हा केली. कागद अडकला. अब्बा तरीही म्हणाले, "अजून दोन येतायत. पण आता दुसरा बंदुकीतून येत नाही."

"मग कुठून येतो?"

"ते मला काय विचारतेस? इंजिनिअर तू."

*

मग ती आपोआप उघडायला लागली. दुपारच्या नमाजला आणि जेवायला आम्ही शटर ओढून जायचो. परत यावं तर स्टँडवरची बंदूक मोडलेली, नळी खाली, जशी गोळी भरायला कुणी धरावी. तीन दिवस ओळीने.

चाचांनी तिच्यासमोर जायचं सोडलं. मी कारण शोधलं: खटक्याची स्प्रिंग थकलेली, वर एसीचा गारवा. स्प्रिंग बदलली. चौथ्या दिवशी पुन्हा उघडी! मग मी समोर माझा मोबाइल लावला, व्हिडिओ चालू केला आणि चाचांना ठणकावलं, "आता बघा तुमचं भूत!"

परत आलो. बंदूक उघडी. तिघांनी डोकी जुळवून व्हिडिओ बघितला. एकोणीस मिनिटं बंदूक मिटलेली. विसाव्या मिनिटाला चित्र जरासं हललं, जसं टेबलाला कुणाचा धक्का लागावा. आणि व्हिडिओ संपला.

स्टोरेज फुल!

"लग्नाचे फोटो डिलीट कर म्हणून किती दिवस सांगतोय," अब्बा म्हणाले.

*

आमच्या दुकानाचा सगळ्यात जुना रिवाज असा: दुरुस्त करेल त्यानेच पहिली गोळी झाडायची, गाल बंदुकीच्या लाकडी दस्त्याला लावून. नळी सैल राहिली तर तप्त वायू मागे येतो आणि डोळा जातो. म्हणून जो चुकेल त्याचाच डोळा पणाला.

चूक झालीच असेल तर ती माझी. पण गाल लागणार होता अब्बांचा.

शहराबाहेरच्या शूटिंग रेंजवर आधी बंदूक स्टँडला बांधून, दोरीने घोडा ओढून बघितलं. ठीक गेली. मी अबू फहदला म्हटलं, "पुरे ना एवढं?" तो म्हणाला, "बाबांच्या वेळेपासून रिवाज आहे. उस्तादच झाडेल."

मी अब्बांच्या कानाशी लागले. "मी सांगते त्याला, काम मी केलंय म्हणून. मी झाडते."

"आणि मग माझा इकामा?"

"डोळा गेला तर इकामा घेऊन काय करणार?"

"तू पिन केलीस ना नीट?"

मला 'हो' म्हणायला एक क्षण जास्त लागला. अब्बांनी तो ऐकला, हसले आणि कानांवर इयरमफ चढवले.

फायरिंग लाइनवर एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. मी, चाचा आणि अबू फहद तीस पावलं मागे, कठड्याच्या अलीकडे. भर दुपार, पांढरं ऊन. अब्बांनी बंदूक उचलली तेव्हा नळीचं टोक इतकं थरथरत होतं की मागूनही दिसत होतं. अबू फहदने माझ्याकडे वळून पाहिलं. संपलं, मला वाटलं. त्याला कळलं.

आणि नळी थांबली. वाळूत रोवलेल्या खांबासारखी.

एक गोळी. दुसरी. तिसरी. तिन्ही काळ्या वर्तुळात, एकमेकींना खेटून. अब्बांचे दोन्ही डोळे जागच्या जागी.  अबू फहदने रुमालाने तोंड पुसलं आणि तो म्हणाला, "उद्या इकामा घेऊन ऑफिसात ये, उस्ताद."

परतताना गाडीत मागच्या सीटवर मी आणि अब्बा. चाचा पुढे ड्रायव्हरशेजारी, दुआ पुटपुटत. अब्बांनी थर्मासमधला चहा ओतून घेतला तर निम्मा पँटवर सांडला. हात पुन्हा तसाच, थरथरता. मी कप धरला.

अब्बांनी माझा हात उलटासुलटा करून बघितला, गोंधळून.

"मघाशी नेम धरताना मागून येऊन मनगट धरलंस, बरं केलंस पोरी," ते म्हणाले. "पण तेव्हा किती खरखरीत लागला गो तुझा हात! एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखा."