मोठ्यांदा केलेली प्रार्थना

राधानगरीच्या स्टँडवर एसटी सुरू करून ड्रायव्हर वाट बघत होता आणि आमचे आप्पा प्रार्थना करत होते. उजवा हात माझ्या डोक्यावर, डाव्या हातात छत्री, डोळे मिटलेले, आणि आवाज पार स्टँडच्या दुसऱ्या टोकापर्यंत. पावसानं कित्येक दिवस उघडीप दिली नव्हती. त्यामुळे सगळं गाव आडोशाला उभं होतं, आणि सगळ्या गावाला कळलं की धाकटा शमू कागलच्या एमआयडीसीत नोकरीला चाललाय आणि त्याला वाईट संगतीपासून राखणं हे आता देवाचं काम आहे. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. आई पदरानं डोळे पुसत होती. मी मान खाली घालून, धरणीनं पोटात घ्यावं, अशी माझी वेगळी प्रार्थना करत होतो.

गाडी हलली तेव्हा आप्पा खिडकीशी आले. "वाकायचं ते एकाच्याच म्होरं, शमू. आन् ताठ मानेनं कुणाचं मन मोडू नगंस." एका दमात त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. त्या एकमेकींच्या आड येऊ शकतात, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

गावाकडच्या मंडळींनो, आणि पुण्याला, दुबईला गेलेल्या माझ्या भावांनो, तुम्ही हसाल. राधानगरी ते कागल, सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला परत! याला कोण स्थलांतर म्हणतं? पण आपल्या गावात आपण ख्रिस्ती आहोत हे शेजारच्या म्हशींनासुद्धा माहीत होतं. रविवारी उपासना सुटली की डेअरीवर हमखास कुणीतरी विचारायचं, "आज पाळकसायेब लई येळ बोललं व्हय?" तिथून उठून, आपण कोण हे कुणालाच माहीत नाही अशा ठिकाणी जायला फार किलोमीटर लागत नाहीत.

कारखान्याची सुट्टी सोमवारी. रविवारी सकाळी गावात आपली पहिली गीतं सुरू व्हायची तेव्हा मी प्रेस मशीनवर पत्रा ठोकत असायचो. बायबल मोबाइलमध्ये गेलं, गीतं इअरफोनमध्ये. खोलीतल्या दोघांना वाटायचं, गडी रील्स बघतोय. नावाचीही तीच गत. पहिल्या दिवशी फोरमननं नाव विचारलं, मी 'शमुवेल' म्हणालो, शेडच्या आवाजात त्यांनी 'श्याम' ऐकलं, आणि मी श्याम झालो. कार्डावर खरं नाव होतं, पण कार्ड वाचायचं ते गेटवरचं मशीन.

फोरमन म्हणजे तात्या. कागलजवळच्या खेड्यातले, घरी ऊस आणि जनावरं, आणि बोलणं असं की शेजारच्या शेडमधल्यांनी वळून बघावं. डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. जुन्या काळच्या प्रेसनं नेली, असं ते सांगायचे. आम्ही पोरं बटणाशी जरा जरी चेष्टा करू लागलो तर काही न बोलता तो हात आमच्या नाकासमोर धरायचे. काम मात्र असं शिकवायचे की विचारू नका.

मग खंडेनवमी जवळ आली. कोल्हापुरात त्या दिवशी कुठलाही कारखाना बघा. मशीन धुऊन-पुसून, रंगाचा हात फिरवून, झेंडूच्या माळा घालून बसवलेली असते. ज्याची मशीन त्यानं तिची पूजा करायची, नारळ फोडायचा. मला नुकतीच स्वतःची प्रेस मिळाली होती. तात्या सगळ्यांदेखत म्हणाले, "शाम, औंदा तुज्या प्रेसचा नारळ तुज्या हातनं." पोरांनी पाठ थोपटली. तो मान होता, आणि मला तो घेता येत नव्हता.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. इकडे आड तिकडे विहीर. पूजा केली तर आप्पांची अर्धी गोष्ट मोडत होती, नाही म्हणालो तर उरलेली अर्धी. पोटदुखीचं निमित्त करून रजा टाकावी, असंही मनात आलं. पण एक वर्ष पोट दुखेल, दरवर्षी कसं दुखेल?

आदल्या दिवशी संध्याकाळी तात्या माझ्याच प्रेसचं ऑइल पुसत होते. मी जाऊन उभा राहिलो. "तात्या, मी नारळ न्हाय फोडनार."

"का? हात दुकतोय?"

"न्हाय. आमी ख्रिस्ती हाय."

तात्यांनी पुसायचं थांबवलं. "आन् नाव शाम?"

"शमुवेल."

"आयला!" तात्या खरंच चिडले. "इतकं दीस आमी चुकीच्या नावानं हाक मारतोय आन् तू ओ देतोयस व्हय रं?" त्यांचा राग नावावर होता. मी नोकरी जाण्याची तयारी करून आलो होतो आणि हे काहीतरी भलतंच निघालं. मग ते प्रेसकडे बघत राहिले. त्यांना वेगळीच काळजी लागली होती. "बाकीच्या समद्या नटनार, आन् ही एकटीच तशी ठिवायची? तुमच्यात काय करत्यात?"

"प्रार्थना करतो."

"मग ती कर की. पर मोठ्यांदा कर. मनातल्या मनात केलीस तर केलीस का न्हाय आमाला कसं कळायचं?"

दुसऱ्या दिवशी नारळ फुटत फुटत रांग माझ्या प्रेसपर्यंत आली. सगळी शेड गोळा झाली. मी डोळे मिटले. सुरुवातीला पाळकसाहेबांची ठेवणीतली वाक्यं आली, परम दयाळू पित्या वगैरे. ती दोन ओळींत संपली. मग जे मनात होतं तेच तोंडातून निघालं. "देवा, ह्या प्रेसवर बसणाऱ्या कुणाचं बोट जाऊ देऊ नगंस. सगळ्यांस्नी हातपाय धड ठेवून घरी पोचीव. आमेन."

डोळे उघडले तर तात्या हात जोडून उभे होते. मागून एकजण म्हणाला, "झालं? परसाद न्हाय व्हय तुमच्यात?" सगळे हसले. दुसऱ्यानं माझ्या हातावर ठेवायला पूजेतलं खोबरं पुढे केलं आणि मी पुन्हा अवघडलो. तेवढ्यात तात्यांनी त्याचा हात बाजूला सारला आणि खिशातून कागदाची पुडी काढली. "हे घे. ह्यो नारळ घरनं फोडून आनलाय, पूजंतला न्हवं. आमच्या गल्लीत एक ख्रिस्ती बाई हायेत, शाळंत शिकवत्यात. रातच्याला जाऊन इचारलं त्येंला, तुमी काय खाता, काय न्हाय."

मी उभ्या उभ्या ते सगळं खोबरं खाल्लं.

रात्री घरी फोन लावला. आमच्यातला सलाम झाला, मी सगळं सांगितलं, आणि आप्पा रागावतात का याची वाट बघत राहिलो. त्यांनी एवढंच विचारलं, "नावं घेतलीस?"

"नावं कशाला? सगळ्यांसाठी केली की."

"सगळ्यांसाठी म्हंजे कुनासाठीच न्हाय. तात्याच्या घरी कोन हाय? म्हातारी हाय का? पोरं काय करत्यात?"

मला यातलं काहीही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तात्यांना विचारलं तर ते संशयानं बघू लागले. "का रं? सोयरीक काढलीस काय?" खरं कारण सांगितलं तेव्हा त्यांचा संशय गेला. मग आईचे गुडघे, मोठ्या मुलीचं बाळंतपण आणि धाकट्या मुलाची भरतीची परीक्षा, सगळं एका दमात सांगून टाकलं. पुढच्या आठवड्यात शेडमधले दोघं-तिघं आपणहून आले. एकाच्या बहिणीचं लग्न ठरत नव्हतं. दुसऱ्याला दारू सोडायची होती, ते त्यानं इकडेतिकडे बघत, अगदी हळू आवाजात सांगितलं.

तेव्हापासून शिफ्टच्या आधी प्रेसशी उभा राहून मी नावं घेतो. गुडघे काही बरे झाले नाहीत. मुलगा मात्र भरती झाला, आणि त्याचं श्रेय तात्यांनी त्यांच्या ग्रामदैवताला आणि माझ्या देवाला अर्धं अर्धं वाटून दिलं. मी वाद घातला नाही. आता मी कागलमध्येच बिऱ्हाड केलंय. बदली शिफ्ट मिळाली की रविवारी कोल्हापूरला उपासनेला जातो, नाहीतर मोबाइल आहेच. शेडमध्ये मला 'शामेल' म्हणतात. त्याच्यापुढे कुणाची जीभ वळत नाही.

गेल्या महिन्यात तात्या रिटायर झाले. फेटा बांधून झाला, हार झाले, फोटो झाले. मग मला बाजूला ओढून नेलं आणि जन्मात पहिल्यांदाच बारीक आवाजात बोलले. "शामेल, उद्यापासनं मी काय येनार न्हाय. पर माजं नाव घ्यायचं थांबवू नगंस हां."

मी म्हणालो, "काय तात्या, घरातल्या मानसांची नावं घ्यायचं कोन थांबवतंय व्हय?"

सहज बोलून गेलो, आणि काय बोललो ते मग माझं मलाच ऐकू आलं.