छंद : प्रवास
झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की मला सीताबर्डीच्या बोळातलं ते दुकान आठवतं. मी शेवटच्या वर्षाला होते. कळमेश्वरची एक कंपनी दुसऱ्या दिवशी कॉलेजात मुलं निवडायला येणार होती, म्हणून आम्ही साऱ्या मैत्रिणींनी तिथे बायोडाटा करून घेतले. दुकानदाराच्या कॉम्प्युटरात एकच बायोडाटा तयार होता. तो नाव, पत्ता आणि मार्क तेवढे बदलून द्यायचा. त्यामुळे आमच्या सगळ्यांचे छंद एकच, वाचन आणि प्रवास. त्या दुपारी सरावाच्या मुलाखतीत प्लेसमेंटच्या मॅडमनी माझा कागद वाचून विचारलं, "कुठं कुठं फिरली वं तू?" मला खोटं सुचेना. म्हटलं, "रोज खाप्याहून बसनं येणं-जाणं होते मॅडम, तेवढंच." सगळा वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तिन्ही वर्षांची हजेरी असलेलं रजिस्टर ओढलं आणि माझ्या नावापुढे बोट फिरवत विचारलं, "आठच्या लेक्चरले कितीची बस पकडते?" "सहाची." "अन् तीन वर्षांत खाडे फक्त चार. हे काहून नाही लिहिलं?" "त्यात काय लिवायचं, मॅडम?" त्यांनी पेन माझ्या हातात दिला आणि दोन्ही छंद खोडून तेच लिहायला लावलं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या साहेबांनी मला त्या एका ओळीबद्दलच विचारलं. आता त्याच कंपनीत मी मुलाखती घ्यायला टेबलाच्या अलीकडे बसते. समोरच्या कागदावर 'छंद : प्रवास' दिसलं की पोरांना एवढंच विचारते, "कितीच्या बसनं?"