पट्टीखालचे चार ओरखडे

नर्सने कात्रीने पट्टी कापली आणि तिचा हात थांबला. माझ्या डाव्या घोट्यावर चार ओरखडे. ताजे, रक्त अजून ओलं. आठ दिवस ती पट्टी कुणी सोडली नव्हती.

माझा मुलगा सुहास शेजारीच उभा होता. म्हणाला, "आई, शेवटी खाजवलंसच ना?"

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी जन्मभर रिकामटेकडे म्हणत आले. अजूनही म्हणते.

ही खाज बारा वर्षांची. खाजवलं की बरं वाटतं, मग दुप्पट खाजतं... कातडी म्हशीच्या पाठीसारखी जाड नि काळी झाली. इथे मुलाकडे, कॅनडातल्या एडमंटनच्या कोरड्या थंडीत ती फुटून पिकायला लागली. डॉक्टर म्हणाला, आठ दिवस नख लावू नका, परत पिकलं तर ॲडमिट. एवढं शिकून सांगितलं काय, तर खाजवू नका.

मी पट्टीखाली हळद लावायला लावली, डॉक्टरला न विचारता. सून मुग्धाने लावली, तीही ग्लोव्हज घालून — पिवळी नखं ऑफिसच्या मीटिंगमध्ये शोभत नाहीत म्हणे. वर पट्टी बांधून पट्टीच्या कडेवरून कातडीपर्यंत पेनाने रेघ मारली. पट्टी हलली तर कळावं म्हणून. पोलीस परवडले.

क्लिनिकमध्ये मी दोन्ही हात टेबलावर ठेवले. मुळापर्यंत कापलेली नखं, स्वच्छ.

"हळदीत बुडून पिवळं न होणारं नख दाखव मला," मी सुहासला म्हटलं.

मुग्धाने वाकून रेघ पाहिली. "सुहास, रेघ जागच्या जागी आहे. आईंनी नाही खाजवलं." सहा वर्षांत पहिल्यांदा माझी बाजू घेतली.

दुपारी मी बेसमेंटमध्ये टीव्हीपुढे पाय स्टुलावर टाकून बसते. स्टुलाला लागून एक लाकडी खुर्ची आहे. तिच्यावर कुणी बसत नाही. त्या दिवशी क्लिनिकमधून घरी येऊन पाहते तर खुर्चीच्या हातावर चार पिवळ्या रेघा. बोटं पुसल्यासारख्या.

मुग्धा अंगारा शोधायला लागली. सुहास म्हणाला, लाकडाला ओल आली असेल. इंजिनियर आहे तो. मी ओलं फडकं घेतलं आणि पुसलं. हळदच ती, पुरती गेली नाही. आणि भूत असेलच तर किती भिकारडं... उणे तीसच्या थंडीत एवढ्या लांब यायचं आणि म्हातारीचा घोटा खाजवायचा!

जखम भरली, ॲडमिट व्हावं लागलं नाही. खाज आहेच. ओरखडे कुणाचे, ते कुणालाच सांगता आलेलं नाही, मलाही नाही. खुर्ची मात्र मी भिंतीकडे तोंड करून ठेवलीय. झाडायला बरं पडतं.

ज्या बाईच्या बाबतीत हे झालं ती मीच. वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी. नखं स्वच्छ होती.