अंगठा हलला तेव्हा

आमच्या यजमानांचं हृदय कंपनीत, जेवणाच्या सुट्टीत थांबलं. डबा उघडून बसले होते, तसेच कलंडले. सोबतच्या माणसांनी छाती दाबत दाबत त्यांना गाडीत घातलं आणि गारखेड्याकडच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं हृदय पुन्हा चालू झालं. डोळे मात्र उघडले नाहीत.

फोन आला तेव्हा मी बजाजनगरच्या आमच्या खोलीसमोर कपडे वाळत घालत होते. बादलीत उरलेले कपडे मी वाळत घातले आणि मग निघाले. तसं का केलं, ते मला अजून सांगता येत नाही.

मी मुळातच बोलकी नाही. चौथीपर्यंत शिकले, पुढची शाळा लांब होती. दुकानातसुद्धा मी काय हवं ते बोटानं दाखवते. दवाखान्यात डॉक्टर सांगायचे ते मी ऐकून घ्यायचे आणि विचारायचं काम दिरांचं असायचं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बाहेर बाकावर बसून असायच्या. त्यांचं जेवण सुटलं होतं. चहात पाव बुडवून दिला तर अर्धा खायच्या आणि अर्धा पदराखाली ठेवायच्या.

काही दिवस असेच गेले. मग डॉक्टरांनी आम्हाला बोलावून सांगितलं की एक तपासणी करायची आहे. मनगटावर बारीक करंट देतात. तो हातातून खांद्यापर्यंत, तिथून मानेत आणि मग मेंदूत जातो. मेंदूत पोचला की मशीनवर एक लहानशी लाट उठते. लाट उठली म्हणून माणूस उठेलच असं नाही. पण दोन्ही हातांचा निरोप मेंदूत पोचलाच नाही, तर पुढं आशा जवळजवळ नसते. दिरांनी दोनदा विचारलं, डॉक्टरांनी दोनदा तेच सांगितलं.

मशीन घेऊन जी बाई आली, तिला सगळे बाजी, म्हणजे ताई, म्हणत. जाड चष्मा, पायात कापडी बूट. तिनं यजमानांच्या डोक्याला हात लावला आणि हात आपल्या नाकाजवळ नेला.

"तेल कौन लगाया जी? अम्मा, माझ्या तारा चिकटणार कशा?"

"डोकं थंड राहावं म्हणून लावलं," आत्याबाई म्हणाल्या. "लेकराचं डोकं आगीसारखं तापलं व्हतं."

आदल्या दिवशी भेटायच्या वेळेत त्यांनी लहान बाटलीतून तेल आणून चोळलं होतं. सिस्टरनं पाहिलं नव्हतं. बाजीनं मला कापूस आणि स्पिरिट दिलं. मी त्यांचे केस बाजूला करून जागा पुसत गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या डोक्यावर मागच्या बाजूला जुन्या टाक्यांची खूण आहे हे मला माहीत नव्हतं.

बाजीनं मनगटावर पट्टी बांधायला घेतली तशा आत्याबाई आडव्या आल्या. "माझ्या लेकराला करंट देता व्हय? मरतंय का जगतंय, अन् वरून करंट?"

"अम्मा, मुंगी चावल्यासारखं असतं."

"मग आधी हिला चाववा." त्यांनी माझा हात धरून पुढं केला.

बाजी हसली. तिनं माझ्या मनगटाला ते लावलं. टक टक असं होऊ लागलं आणि प्रत्येक ठोक्याला माझा अंगठा आत उडायला लागला. मी तो थांबवून पाहिला. थांबला नाही. मी हात सैल सोडला, तरी उडतच होता. दुखत नव्हतं. आत्याबाई सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होत्या, मी ओरडते का ते. हाताकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"ओरडली नाय," त्या म्हणाल्या. "लावा मग."

यजमानांच्या मनगटाला लावलं आणि त्यांचा अंगठा उडाला. पुन्हा उडाला.

"हलला!" आत्याबाई ओरडल्या. "माय गं, हलला! माझं लेकरू हाललं!"

"अम्मा, वो मशीन से हिलरा. उनो नईं हिलारे," बाजी म्हणाली. तोवर आत्याबाई दाराबाहेर पोचल्या होत्या.

बाहेर दिरांनी चार ठिकाणी फोन केले. गावाकडून भेटायला आलेले दोघं-तिघं तीच बातमी घेऊन परत निघाले. मी बाहेर आले तेव्हा आत्याबाई कोणाच्या तरी डब्यातली भाकरी खात होत्या. मधूनच स्वतःचा अंगठा हलवून दाखवायच्या. "असा. असा हलला बघा."

मी जवळ जाऊन म्हटलं, "आत्याबाई, तो करंटनं…"

"तू गप गं. तुला काय कळतंय त्यातलं?"

मी बाकाच्या टोकाला जाऊन बसले. पण विचार करत राहिले. उद्या डॉक्टरांनी वाईट सांगितलं तर आत्याबाई मानायच्या नाहीत. लेकराचा अंगठा त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. मग पुढं जे काही ठरेल ते मी एकटीनं ठरवलं असं होईल, आणि जन्मभर तसंच राहील.

बाजी तारा गुंडाळून निघाली होती. मी तिच्यामागे गेले आणि म्हटलं, "आमच्या आत्याबाईंच्या हाताला लावता का?"

तिनं वळून पाहिलं. "अगं, तू बोलती भी है?" मग म्हणाली, "घेऊन ये."

आत्याबाई काही उठेनात. "मला कशाला? मी काय आजारी हाय?"

"त्यांना किती लागलं असंल, ते तुम्हाला कळंल," मी म्हटलं.

मग त्या लगेच उठल्या.

मशीनच्या खोलीत त्यांनी स्वतःच बाही वर सारली, बांगड्या मागं ओढल्या. बाजीनं अगोदर छातीत काही मशीन वगैरे बसवलंय का विचारलं. "मला कोण बसवतंय?" आत्याबाई म्हणाल्या. बाजीनं चालू केलं. अंगठा उडाला. त्यांनी दुसऱ्या हातानं तो धरला, तरी मुठीत तो ठकठक करतच राहिला. त्या बराच वेळ बघत होत्या.

"बंद कर बाई," शेवटी म्हणाल्या. मग मला विचारलं, "त्याचा बी असाच?"

"असाच."

"म्हंजी तो नव्हता."

बाजीनं त्यांच्या मनगटावरची पट्टी काढली आणि त्यांच्या बांगड्या परत पुढं केल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कागदावरच्या रेघा दाखवल्या. खांद्याच्या रेघेवर छोटा उंचवटा होता, मानेच्या रेघेवरही होता. मेंदूची रेघ दोन्ही हातांची सपाट होती. "इथपर्यंत निरोप येतो. इथून पुढं जात नाही," ते म्हणाले. डोळ्यांवर उजेड टाकून केलेली तपासणीही तेच सांगत होती. हृदय पुन्हा थांबलं तर पुन्हा छाती दाबायची का, ते तुम्ही घरची माणसं ठरवा, असं त्यांनी सांगितलं.

दीर रडायला लागले. "पण अंगठा हलला होता ना," ते म्हणाले.

"तो करंटनं हलला," आत्याबाई म्हणाल्या. "परत दाबू नका. एकदा दाबली तेवढी बास."

मी सही केली. आत्याबाईंनी अंगठा दिला. सिस्टर त्यांचं बोट धरायला आली, तर त्यांनी धरू दिलं नाही. स्वतःच शाईत बुडवून कागदावर टेकवला. त्यानंतर आठवडाही गेला नाही, यजमानांचं हृदय परत थांबलं. कोणी छाती दाबली नाही.

दहाव्याला गावी होतो. घर माणसांनी भरलं होतं. मी चुलीपाशी लसूण सोलत होते. चुलत सासूबाई माझ्यासमोर येऊन बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "त्याचा अंगठा हलला व्हता म्हणं. मग कामून सही केलीस गं? इतकी घाई कशाची व्हती?"

मला उत्तर येत होतं. मी लसूण सोलत राहिले.

आत्याबाई पलीकडे भिंतीला टेकून बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "माझा बी हलला व्हता. मी काय हलवला व्हता का? करंटनं हलतोय त्यो. तुझा बी हलवून दावते, चल दवाखान्यात. बस हाय दुपारची."

चुलत सासूबाई हसल्यासारखं करून उठल्या आणि पाणी प्यायला गेल्या. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. हात पुढं करून म्हणाल्या, "आण इकडं अर्धा लसूण. सगळा तूच सोलणार हायेस का?"