आंबिवलीचं सुतक

प्रकाश, पत्रातूनच म्हणते, ये रे, जवळ बस जरा. दीड महिना झाला दादाला, तुझ्या बापाला, जाऊन, आणि दहाव्यापासून तू आत्याच्या दाराकडे फिरकला नाहीस. शोभतं का हे? राग आहे ना माझ्यावर, मग समोर बसून रागव. मी चौथी शिकलेली बाई, आठवतं तसं लिहिते...

तुझा बाप खोपट डेपोतून कंडक्टर म्हणून रिटायर झाला त्याच वर्षी आमची आई गेली. अस्थी घेऊन नाशिकला गेलेलो, तर उपाध्यांनी वंशावळीची जुनी चोपडी उघडली. आमचा पणजोबा राघो, कळव्याच्या मिठागरावरचा. घरात सगळे सांगत आले, त्याला एकच मुलगा. चोपडीत दोन निघाले! दुसरा हिरा, पहिल्या बायकोचा. तिला लेकरासकट घराबाहेर काढलेलं, म्हणून आपल्याकडे त्यांचं नावच पुसलं. दादाला मग चैन पडेना. वर्षानुवर्षं विचारत विचारत त्याने आंबिवलीत हिराचा नातू गाठला, काशीनाथ. मी होते बरोबर.

"शंभर वर्षांनी नातं आठवलं?" काशीनाथ उंबऱ्यातूनच म्हणाला. "सही पायजे ना कुठल्या कागदावर?"

"पाणी पायजे," दादा म्हणाला. "उन्हातून आलोय."

पाणी मिळालं. चहा मिळायला आणखी दोन खेपा लागल्या. तू बापावर ओरडलास, "उद्या कळव्याच्या जागेत वाटा मागतील ते!" दादा मला एवढंच म्हणायचा, "लग्नाला कुणीही बोलावतं गं. सुतकात धरतील तेव्हा भावकी."

आणि गेला कधी, तर काशीनाथच्या नातीच्या हळदीला चार दिवस उरलेले. "आत्या, आंबिवलीला कळवायचं नाही," तू बजावलंस. मी फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी, बाहेर तिरडी बांधताहेत. कळवलं तर दहा दिवस सुतक, त्या पोरीचं लग्न अडणार. आणि 'आमचा काय संबंध' म्हणाले, तर दादाची सगळी वणवण फुकट. पण नाही कळवलं, तर आपण त्यांना दुसऱ्यांदा घराबाहेर काढलं...

केला फोन. पलीकडे मांडवात कुणीतरी माइक तपासत होतं, हॅलो, हॅलो. काशीनाथ ऐकत राहिला. "ताई, आत्ताच सांगायचं होतंस का गं?" म्हणाला, आणि ठेवला.

नऊ दिवस तिकडून शब्द नाही. तू माझ्याकडे बघायचास, मी भिंतीकडे.

दहाव्याला घाटावर न्हाव्यासमोर तू बसलेलास. रिक्षातून काशीनाथ उतरला, मागे त्याचे दोन मुलगे. लग्न न लावताच मांडव उतरवून आलेले. तो सरळ तुझ्यापाशी आला आणि टोपी काढली. न्हाव्याने वस्तरा थांबवला. "हे कोण? भावकीतले का?"

सगळे तुझ्याकडे बघायला लागले. तू चटईवर जरासा सरकलास, आणि तो तुझ्या शेजारी बसला.

ते मी पाहिलंय रे. आता नाही म्हणू नकोस.

लग्न पुढच्या महिन्यात धरलंय. काशीनाथ पत्रिका ठेवून गेलाय, तुझ्या नावाची वेगळी. मी काही ती कुणाच्या हाती पाठवायची नाही. डोंबिवलीहून ठाण्याला यायला किती वेळ लागतो? राग असला तर तोही घेऊन ये... पण ये, या रविवारीच ये.