विहीणबाई आणि लागली तरची गोळी

माझ्या विहिणीइतकं देखणं भांडणारं माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात सापडायचं नाही. बाई गडहिंग्लजची. म्हातारपणी आम्ही दोघी एकाच वृद्धाश्रमात, शेजारशेजारच्या खाटांवर येऊन पडलो. चहा आला की, "ह्यात म्हस धुतली काय?" मी विणायला बसले की, "विहीणबाई, मोजा विणताय का बोचकं?" लेकाच्या लग्नात वरमाय म्हणून मी काय ताठा मिरवला होता! पाय धुवायचं पाणी कोमट नाही म्हणून भर मांडवात पाठ फिरवून बसले. आता त्याच पायांत चप्पल चढवायला माणूस लागतं. तेव्हा मुकाट राहिलेल्या विहीणबाई आता सगळं वसूल करतात.

मधूनच त्यांचं डोकं भरकटतं, जीव घाबरा होतो. त्यासाठी डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली आहे, लागली तरच द्यायची. मागं ती घेऊन त्या झोकांडी जाऊन पडल्या, तेव्हापासून तिचं नाव निघालं की मलाच धास्ती वाटते.

परवा दुपारपासून त्या ओरडत होत्या. उशी फेकली, सिस्टरचा हात झटकला. सिस्टर गोळी आणि पाणी घेऊन आली. मी मात्र त्यांचं ओरडणं ऐकत होते. त्यात कुणाची खोडी नव्हती, टोमणा नव्हता. नुसता आईच्या नावानं धावा, "अव्वा गं, अव्वा!"

"थांब सिस्टर. ह्या भांडत न्हाईत."

"आजी, अख्खी खोली घाबरलीय. डॉक्टरांनीच लिहिलीय की."

"लागली तर लिहिलीय, ओरडली तर न्हाय! आधी कुठं दुखतंय ते बघ की."

सिस्टरनं गोळी बाजूला ठेवली. मग तिनं त्यांच्या पोटाला हात लावला आणि विहीणबाई किंचाळल्या. ओटीपोट दगडासारखं. सकाळपासून लघवीच झाली नव्हती. तिनं डॉक्टरांना फोन लावला. ते येईपर्यंत विहीणबाईंची नखं माझ्या मनगटात रुतत होती. त्यांनी लघवीची नळी घातली, तेव्हा कुठं ओरडणं ओसरलं.

"सकाळीच सांगायचं न्हाय व्हय?" मी करवादले.

"मुलाकडच्या तुमी. तुमच्याफुडं असलं कसं सांगायचं ओ?"

आता सिस्टर आधी पोट चाचपते, काय दुखतंय विचारते, मगच गोळीचा विचार करते. विहीणबाई मात्र गप्प पडून असतात. मघाशी त्यांनी आपणहून माझा हात धरला. म्हणाल्या, "तुमी लई चांगल्या हायसा."

मी तो हात घट्ट आवळला. "असलं निरोपाचं बोलू नगा. त्यापरास शिव्या घाला."

त्या नुसत्या हसल्या. शिवी काही दिली नाही.